अडतीस टक्क्यांवर बंद पडलेला लॅपटॉप

आजी त्यांच्या शाळेच्या पहिल्या दिवसाबद्दल सांगत होत्या. वय ८४. आवाज बारीक, पण शब्द एकेक नीट लावलेला. मी लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण करत होते आणि सोबत टिपणंही टाइप करत होते. बॅटरी ३८ टक्के दाखवत होती म्हणून चार्जर पिशवीतच होता. स्क्रीन एकदम काळी झाली. आजी थांबल्या, म्हणाल्या, "काय झालं गं? सांगू ना पुढचं?" मी सांगा म्हटलं आणि वहीत लिहायला लागले. नंतर पाहिलं तर शेवटच्या अकरा मिनिटांचं मुद्रण जतनच झालं नव्हतं. वहीत त्यांचे शब्द होते, पण आवाज नव्हता.

मी वृद्धांच्या आठवणींचं शब्दांकन करते. माणसं जिथे बसतात तिथे सॉकेट असतंच असं नाही, आणि मध्येच उठून "जरा चार्जिंगला लावते" म्हटलं की बोलण्याची लय तुटते ती पुन्हा जुळत नाही. म्हणून लॅपटॉप घेताना मी एवढंच पाहिलं होतं की तो हलका असावा आणि बॅटरी टिकावी. रिफर्बिश्ड, म्हणजे आधी कुणी वापरलेला आणि तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेला घेतला. जाहिरातीत 'अ दर्जा' आणि 'बॅटरी आरोग्य किमान ८० टक्के' असं लिहिलेलं होतं. घेतल्यावर कळलं की हा दर्जा बहुतेक वेळा बाहेरच्या अंगाचा असतो. ओरखडे नाहीत, कीबोर्डची अक्षरं पुसलेली नाहीत, स्क्रीनवर डाग नाही, एवढंच तो सांगतो. आत बॅटरी कशी आहे हे वेगळं विचारावं लागतं आणि वेगळं मोजावं लागतं.

तो प्रसंग लॅपटॉप आल्यापासून चौथ्या दिवशीचा. परत करण्याची मुदत चौदा दिवसांची होती, म्हणजे हातात दहा दिवस होते. ते मी पूर्ण वापरले याचं मला आजही समाधान आहे.

पहिलं काम त्याच रात्री केलं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी' हा आदेश, त्यापुढे तिरकी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' असं जोडून लिहिलं की एक अहवाल तयार होतो आणि तो ब्राउझरमध्ये उघडता येतो. लिनक्स असेल तर 'अपॉवर' हे साधन हेच आकडे देतं. अहवालात दोन ओळी महत्त्वाच्या. डिझाइन कपॅसिटी म्हणजे बॅटरी बनवली तेव्हाची क्षमता आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज पूर्ण भरल्यावर मावणारी क्षमता. माझ्या लॅपटॉपची पहिली ५७,००० मिलिवॉट-अवर होती, म्हणजे ५७ वॉट-अवर. दुसरी ४१,३००. भागाकार केला तर ७२ टक्के. जाहिरातीतल्या ८० पेक्षा कमी, पण ७२ टक्क्यांची बॅटरी दोन तासांच्या आत ३८ वर येऊन मरावी हे काही जुळत नव्हतं.

अहवालात खाली बॅटरीचा इतिहासही असतो, आठवड्यागणिक क्षमता किती होती त्याचा. माझ्याकडे तो फक्त चार दिवसांचा होता. विक्रेत्याने विंडोज नव्याने टाकलेलं, त्यामुळे जुना इतिहास पुसला गेला होता. पण बॅटरीच्या आत स्वतःची एक छोटी चिप असते. सायकल, म्हणजे वापरून पुन्हा भरण्याच्या फेऱ्या, किती झाल्या आणि आता किती मावतं हे तिच्यात साठवलेलं राहतं, विंडोज कितीही वेळा नव्याने टाका. तिथे सायकल २१४ दिसत होत्या. काही लॅपटॉपवर या जागी नुसती आडवी रेघ येते. माझ्या नशिबाने आकडा होता.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याच्या तंत्रज्ञाला फोन केला. शांत माणूस होता, घाईत नव्हता. म्हणाला, "मॅडम, २१४ सायकल म्हणजे बॅटरी तरुणच आहे. पाचशेपर्यंत काही होत नाही."

त्याचं हे म्हणणं मी दोन दिवस मनात घोळवत राहिले, कारण वरवर ते बरोबर वाटतं. एकूण मिळून शंभर टक्के वापरलं की एक सायकल होते. आज पन्नास वापरून भरले, उद्या पन्नास, तरी ती एकच सायकल. लिथियम-आयन बॅटरी काही शे सायकलींनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते हेही खरं. पण ही बॅटरी सायकलींशिवायही म्हातारी होते. आत एका टोकाला ग्राफाइट असतं, त्याच्या पृष्ठभागावर एक पातळ थर धरतो. तो बॅटरीला लागतोच, पण तो हळूहळू जाड होत जातो आणि जाड होताना कामाचं लिथियम अडकवून टाकतो. उष्णता जास्त असेल आणि बॅटरी कायम पूर्ण भरलेली, म्हणजे प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या जवळ असेल, तर हे भराभर होतं. बाजारात येणारे रिफर्बिश्ड लॅपटॉप बरेचदा कार्यालयांतून तीन-चार वर्षांनी बाहेर पडलेले असतात. तिथे ते दिवसभर चार्जरला जोडलेले, शंभर टक्क्यांवर, वर पंख्याची गरम हवा. वापर जवळजवळ नाही, म्हणून सायकल कमी. म्हातारपण मात्र येतच राहिलं. माझ्या बॅटरीच्या बाबतीत असंच झालं असावं असं मला वाटतं. नुसत्या कमी सायकल पाहून रिफर्बिश्ड लॅपटॉप घेऊ नये, हे मी आता कुणालाही सांगते.

अडतीसवर बंद पडण्याचं कोडं मात्र अजून सुटलं नव्हतं. त्यासाठी कॅलिब्रेशन केलं, म्हणजे बॅटरी एकदा पूर्ण भरून, पूर्ण उतरवून पुन्हा भरली. आधी पूर्ण भरून दोन तास चार्जरवर तशीच ठेवली. मग आपोआप झोपी जाण्याच्या आणि हायबरनेट होण्याच्या, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद होण्याच्या, सेटिंग बंद करून साध्या कामावर लॅपटॉप आपोआप बंद पडेपर्यंत उतरवली. काही तास थंड होऊ दिली आणि मध्ये न थांबता पुन्हा पूर्ण भरली. एक संध्याकाळ आणि एक सकाळ गेली. पुन्हा अहवाल काढला तेव्हा फुल चार्ज कपॅसिटी ४१,३०० वरून २९,४०० वर आली होती.

कॅलिब्रेशनने बॅटरी सुधारते असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही तशी आशा होती. त्याने सुधारतो तो फक्त मोजमाप करणारा काटा. ती चिप आत-बाहेर जाणाऱ्या विजेचा हिशोब ठेवते. बॅटरी वर्षानुवर्षं पूर्ण उतरलीच नाही तर तिला तळ कुठे आहे हे कळतच नाही आणि हिशोब चुकत जातो. माझा काटा ३८ दाखवत होता तेव्हा टाकी खरोखर रिकामी होत आली होती. त्यात आणखी एक भर. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. एकदम जास्त वीज ओढली की तिचा दाब झपकन खाली येतो, आणि ठरावीक मर्यादेखाली गेला की सुरक्षेसाठी लॅपटॉप तिथल्या तिथे बंद होतो. ध्वनिमुद्रण, टायपिंग आणि मागे चाललेली अपडेट, तीन कामं एकदम आली असावीत. अकरा मिनिटं गेली ती तिथे.

५७ पैकी २९.४ म्हणजे ५२ टक्के. आता माझ्याकडे बोलायला ठाम आकडा होता.

पण तंत्रज्ञाला फोन करण्याआधी मी आणखी एक मोजमाप केलं, आणि सगळ्या खटपटीतलं सर्वांत उपयोगी काम तेच ठरलं. टाकी किती मोठी हे कळलं, पण नळ किती सोडलाय हे पाहिलंच नव्हतं. वॉट-अवर म्हणजे टाकी, वॉट म्हणजे नळाची धार, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागलं की तास. 'एचडब्ल्यूइन्फो' नावाच्या साधनात बॅटरीखाली चार्ज रेट दिसतो. चार्जर काढला की तो उणे होतो आणि क्षणोक्षणी लॅपटॉप किती वॉट खातोय ते सांगतो. लिनक्सवर यासाठी 'पॉवरटॉप' आहे. माझ्या नेहमीच्या कामाला, म्हणजे एक दस्तऐवज, ब्राउझरचे चार-पाच टॅब आणि ध्वनिमुद्रण, तो सरासरी १३.६ वॉट खात होता. या कामाला मला हे फार वाटलं.

शोधायला लागल्यावर एकेक सापडत गेलं. विक्रेत्याने पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर ठेवलेला. त्यात प्रोसेसरची किमान अवस्था १०० टक्के असते, म्हणजे काम नसतानाही त्याला वेग कमी करू देत नाही. 'बॅलन्स्ड' केल्यावर आकडा ११.९ वर आला.

मग स्क्रीन. प्रकाश कमी करावा म्हणून सेटिंगमध्ये गेले तर सरकपट्टीच नाही. आधी मला वाटलं या मॉडेलला ती नसेल. डिव्हाइस मॅनेजर उघडलं तेव्हा दिसलं की ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप विंडोजकडून चालवून घेणारं सॉफ्टवेअर, टाकलेलाच नाही, विंडोजचा तात्पुरता सर्वसाधारण ड्रायव्हर चालू आहे. या ड्रायव्हरवर स्क्रीनचा प्रकाश कमी-जास्त करता येत नाही, म्हणून स्क्रीन पहिल्या दिवसापासून पूर्ण तेजावर जळत होती. शिवाय चित्र उमटवण्याचं जे काम ग्राफिक्स चिपने थोड्या विजेत करायचं, ते प्रोसेसर घाम गाळून करत होता. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या आधार-पानावरून त्याच मॉडेलचे ग्राफिक्स आणि चिपसेटचे ड्रायव्हर उतरवून घेतले. रीस्टार्ट केल्यावर ९.६. सरकपट्टी आली, प्रकाश ४५ टक्क्यांवर आणला, ८.३. त्या आकड्याकडे मी बराच वेळ बघत बसले होते.

उरलेलं किरकोळ. कीबोर्डचा दिवा बंद केला, आपोआप सुरू होणारे कार्यक्रम काढले, क्लाउडवर फाइल चढवणं काम चालू असताना थांबवलं. विंडोज नवीन असताना पहिले काही दिवस सगळ्या फाइलींची सूची बनवत बसतं, तेही तोवर संपलं होतं. शेवटी सरासरी ७.४ वॉटवर स्थिरावलं. त्याच अर्ध्या मेलेल्या बॅटरीवर पुन्हा चाचणी घेतली. पहिल्यांदा १ तास ५३ मिनिटं मिळाली होती, आता जवळजवळ चार तास मिळाले. एक स्क्रू न उघडता वेळ दुप्पट झाला. "बॅकअप नाही" म्हणून आपण थेट बॅटरी बदलायला निघतो, तेव्हा हरवलेल्या तासांतले किती बॅटरीने खाल्ले आणि किती लॅपटॉपने, हे कुणी वेगळं करून सांगत नाही. ते आपणच करावं लागतं.

चार तास माझ्या कामाला पुरले असते. तरी बॅटरी बदलायची हे मी ठरवलं, कारण टचपॅडचा डावा कोपरा. तिथलं क्लिक दाबायला जड जात होतं आणि लॅपटॉप सपाट टेबलावर किंचित हलत होता. पहिल्या दिवशी मला ते जुनेपणाचं लक्षण वाटलं होतं. बॅटरी टचपॅडच्या खालीच असते आणि सेल फुगायला लागले की पहिला दाब तिथे येतो. लिथियमची फुगलेली बॅटरी वापरत राहणं हा धोका आहे, ती पेट घेऊ शकते. तिथे काटकसर करू नये, एक दिवसही नाही. मी त्या रात्रीपासून तिला चार्ज करणं थांबवलं.

तंत्रज्ञाला दोन्ही अहवाल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि कोपऱ्याचा फोटो पाठवला. तो म्हणाला, "मॅडम, वॉरंटीत बॅटरी धरत नाहीत, ती झिजणारी वस्तू आहे." मी म्हटलं, "वॉरंटीचं मी म्हणतच नाहीये. तुम्ही ८० टक्के लिहून विकलंत, अहवाल ५२ सांगतोय आणि मुदत संपायला अजून तीन दिवस आहेत. एकतर बॅटरी द्या, नाहीतर लॅपटॉप परत घ्या." मी आवाज चढवला नाही. चढवावा लागला नाही, कारण आकडे त्याच्याही समोर होते. दोन दिवसांत नवी बॅटरी आली. बदलण्याचं काम मीच करते म्हटलं. नव्या बॅटरीची खात्री होईपर्यंत परतीची मुदत वाढवली आहे, एवढं मात्र त्याच्याकडून लेखी घेतलं.

बॅटरी बदलणं अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल आधी पूर्ण वाचलं. चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणला. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय होता तो वापरला, त्याने उघडताना मदरबोर्डला वीज मिळत नाही. चार्जर काढला, खालचे स्क्रू सैल केले, कडेने प्लॅस्टिकची पट्टी फिरवत झाकण सोडवलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक बॅटरीजवळ कुठेही घालायचं नाही. पहिल्यांदा बॅटरीची जोडणी सोडवली, वायर न ओढता तिच्या टोकाच्या प्लॅस्टिकला धरून. एक सेल मधोमध उशीसारखा फुगलेला होता. वाटत होतं तसंच निघालं, तरी हात क्षणभर थांबला. पंख्यातली धूळही ब्रशने काढून घेतली, इतकं उघडलंच होतं तर.

नवी बॅटरी लावली. अहवालात डिझाइन ५७,०००, फुल चार्ज ५७,०००, सायकल शून्य. सगळं शंभर टक्के. पूर्ण भरून त्याच कामावर, त्याच ७.४ वॉटवर चालवली तर साडेसात तास यायला हवे होते. ४ तास २० मिनिटांत लॅपटॉप बंद. गुणाकार केला, ३२ वॉट-अवर.

मला वाटलं माझ्याच मोजण्यात चूक आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, चार-पाच मिनिटांचा फरक. मग दोन्ही बॅटऱ्या वजनकाट्यावर ठेवल्या. जुनी २५२ ग्रॅम, नवी १७८. ऊर्जा साठवायला वस्तुमान लागतं, एकाच प्रकारच्या सेलमध्ये एवढ्या कमी वजनात तेवढी ऊर्जा मावत नाही. आत लहान सेल होते आणि चिपमध्ये मात्र ५७,००० लिहून ठेवलेलं. बॅटरीचा अहवाल म्हणजे बॅटरीने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट आहे, हे मला त्या वजनकाट्यासमोर समजलं. ती खरी आहे का हे घड्याळ आणि वॉट यांचा गुणाकारच सांगतो.

तंत्रज्ञाला वजनाचे फोटो पाठवले. या वेळी तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे मी आजवर करून पाहिलं नव्हतं. त्या लॉटमधल्या बाकीच्याही बघतो." मला त्याचा तो प्रामाणिकपणा आवडला. तिसरी बॅटरी त्याने मूळ पार्ट क्रमांकाची पाठवली. मी आधी लेबलवरची उत्पादनाची तारीख विचारून घेतली, कारण मूळ कंपनीची असली तरी गोदामात पाच वर्षं पडलेली बॅटरी न वापरताही झिजते. ही आठ महिन्यांपूर्वीची होती. आली तेव्हा चार्ज २९ टक्के. सुटी लिथियम-आयन बॅटरी विमानातून माल म्हणून पाठवताना ३० टक्क्यांहून जास्त भरलेली असू नये असा आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचा नियम आहे. ती विमानाने आली की नाही ठाऊक नाही, पण आकडा पाहून बरं वाटलं. वजन २४९ ग्रॅम. फुल चार्ज ५५,९००. घड्याळ लावून चालवली, साडेसात तासांना पाच मिनिटं कमी.

आता कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवली आहे. त्याने सहा तास मिळतात आणि बॅटरी कायम तुडुंब भरलेली राहत नाही. लांबची बैठक असेल तर आदल्या रात्री तेवढ्यापुरती शंभर करते. झाकण लावलं की लॅपटॉप झोपण्याऐवजी हायबरनेट होतो. रात्रभर झोपवून ठेवला की सकाळी चौदा टक्के कमी दिसायचे, ते थांबलं. उघडायला दहा-बारा सेकंद जास्त लागतात, ते मला चालतं. ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर दर मिनिटाला फाइल जतन करेल अशी सोय केली आहे. ही शेवटची गोष्ट बॅटरी कितीही चांगली असती तरी पहिल्या दिवशीच करायला हवी होती.

फुगलेल्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावली, ती कोरड्या धातूच्या डब्यात, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवली आणि तिसऱ्या दिवशी ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे फुगलेली आहे असं सांगून हातात दिली. घरच्या कचऱ्यात टाकली असती तर गाडीत दाबली जाऊन कुणाच्या तरी अंगावर आली असती.

आजींकडे मी पुन्हा गेले. शाळेच्या पहिल्या दिवसापासून परत सांगाल का, असं विचारलं. त्यांनी सांगितलं, पण या वेळी वेगळं सांगितलं. मागच्या वेळी शाळेतल्या बाईंबद्दल बोलल्या होत्या, आता बोलल्या त्या दाराशी सोडून गेलेल्या वडिलांबद्दल. तीन तास मुद्रण चाललं. निघताना बॅटरी ५८ टक्के होती.